‘आपटलेला चित्रपट’ एवढीच त्याची ओळख नसावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हाडामांसाचे नट आणि हाताने रेखाटलेली कार्टून पात्रे एकाच पडद्यावर आणणाऱ्या चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख मी आवडीने वाचला. १९४५ सालच्या ‘अँकर्स अवे’मध्ये जीन केलीबरोबर नाचणाऱ्या जेरी उंदरापासून १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’पर्यंतचा प्रवास लेखकाने जाणकारीने मांडला आहे. १९९६ च्या ‘स्पेस जॅम’लाही त्यांनी एक सबंध परिच्छेद दिला आहे. मात्र २००३ साली आलेल्या ‘लूनी ट्यून्स : बॅक इन अ‍ॅक्शन’ची बोळवण त्यांनी ‘तिकीटबारीवर आपटलेला’ अशा अर्ध्या वाक्यात केली, याचे मला मनापासून वाईट वाटले. शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवलेला आणि हा चित्रपट निदान दहा वेळा पाहिलेला प्रेक्षक म्हणून त्याची बाजू मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

तो तिकीटबारीवर आपटला, हे खरेच आहे. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर मिळून ७ कोटींचाही टप्पा गाठला नाही आणि त्यातले अमेरिकेतले उत्पन्न जेमतेम २ कोटींच्या घरात होते. १४ नोव्हेंबर २००३ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा ‘एल्फ’ हा विनोदी चित्रपट आठवडाभरापूर्वीच लागून चित्रपटगृहे भरत होता, पुढच्याच आठवड्यात ‘द कॅट इन द हॅट’ येणार होता आणि ‘मास्टर अँड कमांडर’ तर त्याच दिवशी पडद्यावर आला होता. मुलांना घेऊन चित्रपटाला निघालेल्या कुटुंबापुढे एवढे पर्याय असताना वॉर्नर ब्रदर्सच्या साठ वर्षे जुन्या पात्रांकडे फारसे कोणी फिरकले नाही. परंतु पहिल्या आठवड्यातला गल्ला हे त्या आठवड्याचे मोजमाप असते. वीस वर्षांनंतरही तोच आकडा पुढे करून चित्रपटाविषयी बोलणे थांबवावे, हे मला पटत नाही.

या चित्रपटाचे मोल कळायचे, तर दिग्दर्शक जो डांटे यांचे या पात्रांशी असलेले नाते आधी समजून घ्यायला हवे. बग्स बनी, डॅफी डक, रोडरनर आणि कायोटी यांचे सर्वोत्तम लघुपट ज्यांनी घडवले, त्या चक जोन्स यांचे डांटे निस्सीम चाहते होते. आपल्या १९८४ च्या ‘ग्रेम्लिन्स’मध्ये त्यांनी जोन्स यांना छोट्याशा भूमिकेत पडद्यावर आणले आणि १९९० च्या दुसऱ्या भागासाठी बग्स व डॅफीचे काही क्षण त्यांच्याकडूनच करवून घेतले. जोन्स आणि त्यांचे सहकारी तरुणपणी वॉर्नरच्या आवारातल्या ज्या मोडकळीस आलेल्या इमारतीत काम करत, तिला ते ‘टर्माइट टेरेस’, म्हणजे वाळवीची गच्ची म्हणत, आणि त्या दिवसांवर चित्रपट काढावा अशी डांटे यांची फार इच्छा होती. तो काही निघाला नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये जोन्स यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास डांटे यांच्या हाती हा चित्रपट आला. गुरूला वाहिलेली आदरांजली म्हणून तो पाहिला की त्यातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

पहिलेच दृश्य घ्या. ससा आणि बदक शिकारी एल्मर फडपुढे उभे आहेत आणि सध्या हंगाम सशाच्या शिकारीचा आहे की बदकाच्या, यावर हुज्जत घालत आहेत. हा प्रसंग १९५१ ते १९५३ या काळात जोन्स आणि लेखक मायकल माल्टीज यांनी केलेल्या तीन लघुपटांमधला आहे आणि कार्टूनच्या चाहत्यांना तो तोंडपाठ असतो. डॅफी दरवेळी बोलण्यात फसतो, दरवेळी गोळी त्यालाच लागते आणि चोच फिरून डोक्याच्या मागे जाते. इथवर सारे ओळखीचे आहे. पण पुढच्याच क्षणी आपण वॉर्नर ब्रदर्सच्या बैठकीच्या खोलीत येतो आणि तिथे डॅफी मालकांसमोर गाऱ्हाणे मांडतो, की इतकी वर्षे गोळ्या मी खाल्ल्या आणि नाव मात्र सशाचे झाले, आता मला माझा मान हवा. विनोद विभागाची उपाध्यक्ष केट त्याला थेट नोकरीवरून काढून टाकते. डॅफीला आवाराबाहेर काढण्याच्या धावपळीत स्टुडिओची पाण्याची टाकी कोसळते आणि डीजे नावाच्या सुरक्षारक्षकाचीही नोकरी जाते. नंतर लक्षात येते, की डॅफीवाचून बग्सचा विनोद उभाच राहत नाही, आणि केटला त्याच बदकाला परत आणायला धाडले जाते.

मला हा चित्रपट इतका महत्त्वाचा वाटतो, त्याचे मूळ इथेच आहे. ‘स्पेस जॅम’मध्ये बग्स आणि मंडळी परग्रहवासीयांच्या तावडीत सापडतात आणि बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनला मदतीला बोलावतात. त्या चित्रपटाने उत्पन्न प्रचंड मिळवले, परंतु ज्या सशाने आजवर कोणापुढे हात पसरला नव्हता, त्याला त्यात दुसऱ्याच्या आधाराची गरज भासली. खुद्द जोन्स यांनाही तो रुचला नव्हता. डांटे यांच्या चित्रपटात बग्स पुन्हा बग्स होतो. तो घाई करत नाही, चिडत नाही, समोरच्याला त्याच्याच चालीत अडकू देतो. डॅफीही पुन्हा डॅफी होतो. लोभी, मत्सरी, भित्रा, क्षणोक्षणी अपमान झालेला आणि तरीही पुढच्या क्षणी मान ताठ करून उभा राहणारा. बग्स जिंकतो म्हणून आपण हसतो आणि डॅफी हरूनही हार मानत नाही म्हणून त्याच्यावर जीव जडतो. या दोघांची ही गोम पूर्ण लांबीच्या चित्रपटात इतक्या नेमकेपणाने पकडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शेवटी अंतराळातल्या प्रसंगात डॅफी आपल्या १९५३ च्या ‘डक डॉजर्स’ या अवतारात शिरतो आणि जगाचा बचाव त्याच्या हातून घडतो, तेव्हा सुरुवातीच्या त्याच्या गाऱ्हाण्याला उत्तर मिळालेले असते.

आता मी त्या प्रसंगाकडे वळतो, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. कथेच्या ओघात मंडळी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोहोचतात. एल्मर फड बंदूक घेऊन बग्स आणि डॅफीच्या मागे लागतो आणि ते दोघे जीव वाचवण्यासाठी भिंतीवरच्या चित्रांमध्ये उडी घेतात. चित्रात शिरणे ही कल्पना नवी नाही. नवे आहे ते असे, की ज्या चित्रात ते शिरतात, त्या चित्राची रंगभाषा त्यांच्या अंगावर चढते. साल्वादोर दालीच्या वितळणाऱ्या घड्याळांच्या चित्रात पोहोचताच तिघेही त्या घड्याळांसारखे ओघळू लागतात आणि एल्मरची बंदूकही लुळी पडते. एडवर्ड मुंकच्या ‘किंकाळी’त गेल्यावर आकाशाच्या लाटांसारख्याच रेषा त्यांच्या देहावर उमटतात. तुलूज लोत्रेकच्या भित्तिपत्रकांच्या (पोस्टरांच्या) जगात ते सपाट रंगांचे आणि जाड बाह्यरेषांचे होतात. शेवटी जॉर्ज सेराचे नदीकाठचे रविवार दुपारचे चित्र येते, आणि त्यात तिघेही रंगाच्या बारीक बारीक ठिपक्यांचे बनतात. बग्स आणि डॅफी बाहेर पडताना पूर्ववत होतात, एल्मर मात्र ठिपक्यांचाच राहतो. मग बग्स त्याला ही ठिपक्यांची चित्रपद्धती शांतपणे समजावून सांगतो, विजेचा पंखा त्याच्यासमोर धरतो आणि एल्मर वाऱ्यावर कणाकणाने उडून जातो.

अवघ्या दोन-तीन मिनिटांचा हा प्रसंग आहे. सेराने रंग पॅलेटवर मिसळण्याऐवजी कॅनव्हासवर ठिपके शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचे मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवले, हे मी आठवीच्या मुलांना वर्षानुवर्षे फळ्यावर रंगीत खडूंनी ठिपके काढून सांगत आलो. मुले माना डोलावत, पण ‘ठिपके सुटे आहेत’ म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या मनात उतरत नसे. एका वर्षी शाळेतल्या संगणकावर हा प्रसंग दाखवला. एल्मर उडून गेला तेव्हा सगळा वर्ग हसला आणि एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे त्या चित्रात सलग रंग कुठेच नाही?” तो प्रश्न माझ्या फळ्यावरच्या खडूंमुळे कधी कोणी विचारला नव्हता. विनोद आणि शिकवण यांत फट उरू नये असे प्रत्येक शिक्षकाला वाटत असते, आणि इथे ती फट मुळीच नव्हती.

याच प्रसंगातली एक तांत्रिक चूकही मी मुलांना सांगत असे. ही चित्रे लूव्रमध्ये नाहीतच. दालीचे घड्याळांचे चित्र न्यूयॉर्कमध्ये आहे, सेराचे शिकागोत आणि मुंकचे ऑस्लोमध्ये. लूव्रचा चित्रसंग्रह साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याशी थांबतो. डांटे आणि मंडळींना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांना एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळ्या शैली एकाच धावपळीत हव्या होत्या आणि कार्टूनच्या जगात एवढे स्वातंत्र्य चालते. मुलांना मात्र या निमित्ताने कोणते चित्र जगात कुठे टांगले आहे, हे शोधायला लावता आले.

या सगळ्यामागे किती कष्ट असतात, याची कल्पना सामान्य प्रेक्षकाला सहसा येत नाही. नट मोकळ्या हवेकडे पाहून संवाद म्हणतो. नजर किती उंचीवर ठेवायची, हे चित्रीकरणाच्या वेळी ठरलेले असते आणि नंतर चित्रकारांना पात्र बरोबर तिथेच आणावे लागते. नजर वीतभर जरी चुकली, तरी ससा नटाच्या शेजारी असूनही तिथे नसल्यासारखा वाटतो. त्यानंतर पात्रावर त्या खोलीतल्या दिव्याचा प्रकाश आणि सावली चढवावी लागते. १९४० मध्ये याच स्टुडिओत फ्रिझ फ्रेलंग यांनी एका लघुपटात पोर्की डुकराला निर्माते लिऑन श्लेसिंगर यांच्या खऱ्याखुऱ्या कार्यालयात नेले होते आणि डॅफीने त्याला नोकरी सोडायला फूस लावली होती. त्या वेळी कॅमेरा शक्यतो स्थिर ठेवूनच ही किमया साधावी लागे. २००३ च्या चित्रपटात कॅमेरा धावतो, वळतो, मोटारीतून जातो, तरी हाताने काढलेली पात्रे आपल्या जागेवरून हलत नाहीत. ॲनिमेशनचे दिग्दर्शन एरिक गोल्डबर्ग यांचे होते. १९९२ च्या ‘अल्लादीन’मधला निळा जिनी ज्यांच्या देखरेखीखाली साकारला, तेच हे. ट्वीटी, स्पीडी गोन्झालेस आणि मार्व्हिन या पात्रांना आवाजही त्यांनीच दिला. बग्स आणि डॅफी या दोघांचेही आवाज जो अलास्की यांचे आहेत. वर्षानुवर्षे या पात्रांचा आवाज असलेले मेल ब्लँक १९८९ मध्ये गेल्यानंतर त्यांच्या आवाजाचे काय होणार, याची चिंता माझ्यासारख्या अनेकांना वाटत असे. इथे ससा आणि बदक एकाच गळ्यातून भांडतात आणि क्षणभरही ते जाणवत नाही.

ब्रेंडन फ्रेझर यांच्या अभिनयाचेही कौतुक व्हायला हवे. डीजेच्या भूमिकेत ते बदकाकडे बदक म्हणून पाहत नाहीत. नकोशा पण सोडताही न येणाऱ्या सोबत्याकडे माणूस जसा पाहील, तसे ते पाहतात आणि म्हणूनच बदक खरे वाटते. डीजेच्या वडिलांच्या भूमिकेत टिमोथी डाल्टन आहेत. कथेतले हे वडील नट असतात, पडद्यावर गुप्तहेर साकारतात आणि प्रत्यक्षातही गुप्तहेरच निघतात. १९८७ आणि १९८९ मध्ये डाल्टन यांनी जेम्स बाँड साकारला होता, हे आठवले की या निवडीची गंमत दुणावते.

चित्रपटप्रेमींसाठी तर इथे पावलोपावली काहीतरी दडलेले आहे. स्टुडिओच्या उपाहारगृहात शॅगी आणि स्कूबी-डू हे मॅथ्यू लिलार्ड या नटाला २००२ च्या चित्रपटातल्या त्याच्या कामाबद्दल रागे भरतात, आणि तो चित्रपट वॉर्नरचाच होता. न्हाणीघरातल्या प्रसंगात बग्स हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’ची आठवण करून देतो आणि चॉकलेटचे सिरप ओततो, कारण त्या कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून चॉकलेटचेच सिरप वापरले गेले होते. ‘एरिया ५२’ या गुप्त प्रयोगशाळेत जुन्या विज्ञानपटांतले रॉबी यंत्रमानवासारखे रहिवासी भेटतात. तिथेच १९५६ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’चे नायक केव्हिन मॅकार्थी, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, आजूबाजूला सारे रंगीत असताना स्वतः कृष्णधवल राहून, त्या चित्रपटात जिच्यातून माणसांच्या नकला उगवतात ती शेंग हातात घेऊन समोरून जातात. ज्याला संदर्भ माहीत आहे तो हरखतो आणि ज्याला माहीत नाही त्याचे काही अडत नाही.

पार्श्वसंगीत जेरी गोल्डस्मिथ यांचे आहे. ‘चायनाटाउन’ आणि ‘द ओमेन’ यांना संगीत देणारे गोल्डस्मिथ या वेळी गंभीर आजारी होते. अखेरच्या भागाचे काम जॉन डेबनी यांनी पूर्ण केले, आणि जुलै २००४ मध्ये गोल्डस्मिथ गेले. चित्रपटासाठी केलेले हे त्यांचे शेवटचे संगीत. जुन्या लघुपटांत कार्ल स्टॉलिंग प्रत्येक पावलाला, प्रत्येक उडीला सूर देत असत. तीच चपळाई गोल्डस्मिथ यांनी आजारपणात उभी केली आहे. केवळ यासाठी तरी संगीताच्या अभ्यासकांनी हा चित्रपट ऐकावा.

त्यात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. डीजे आणि केट यांच्यातली जवळीक अगदी वरवरची राहिली आहे. केट साकारणाऱ्या जेना एल्फमन यांना करायला फारसे काही दिलेलेच नाही. आफ्रिकेच्या जंगलातला भाग रेंगाळतो. अ‍ॅक्मी या कार्टूनमधल्या काल्पनिक कंपनीच्या खलनायक अध्यक्षाच्या भूमिकेत स्टीव्ह मार्टिन यांनी आवाज आणि हातवारे इतके चढवले आहेत की मला ते आजही खटकतात. तरीही त्या अध्यक्षाचा बेत मात्र पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. जगातल्या सर्व माणसांना माकडे बनवायचे, त्यांच्याकडून कवडीमोलाने माल तयार करून घ्यायचा आणि मग तोच माल विकत घेण्यासाठी त्यांना पुन्हा माणसे करायचे. मुलांच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटात बाजाराविषयी इतके धीट विधान क्वचितच येते. वाळवंटात भटकणाऱ्या मंडळींना अचानक वॉलमार्टचे दुकान सापडते, हा जाहिरातींवरचा विनोदही त्याच जातीचा. स्टुडिओने कामात सतत ढवळाढवळ केल्याचे डांटे यांनी पुढे मुलाखतींतून उघडपणे सांगितले. चित्रपटात जागोजागी जाणवणारी ठिगळे त्या ओढाताणीची असावीत, असे माझे मत आहे. या अपयशानंतर एवढ्या मोठ्या खर्चाचा चित्रपट डांटे यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क वाहिनी आली आणि केबल पोहोचलेल्या मराठी घरांतल्या एका सबंध पिढीची बग्स, डॅफी आणि कायोटीशी गाठ पडली. ती मुले आता तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांची स्वतःची मुले शाळेत जात आहेत. या पात्रांवर त्यांच्या मालकांनीच अलीकडे जी वेळ आणली, ती त्यांना ठाऊक असायला हवी. कायोटी आणि अ‍ॅक्मी कंपनी यांच्या खटल्यावरचा, नट आणि कार्टून यांना एकत्र आणणारा आणखी एक चित्रपट पूर्ण तयार झालेला असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टुडिओने करसवलतीसाठी तो प्रदर्शितच न करण्याचा निर्णय घेतला. चाहत्यांनी आणि चित्रपटसृष्टीतल्या लोकांनी आवाज उठवला आणि अखेर २०२५ मध्ये केचप एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने तो विकत घेतला. त्याच वर्षी जुने लघुपटही कंपनीच्या स्वतःच्या एचबीओ मॅक्स या सेवेवरून काढून टाकण्यात आले. नव्वद वर्षांचा हा ठेवा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांना तो ओझे वाटतो. डॅफीला बैठकीच्या खोलीतून बाहेर काढणाऱ्या त्या पहिल्या दृश्याची धार मला म्हणूनच आज अधिक जाणवते.

आपल्या पुरवणीत जुन्या चित्रपटांचा पुनर्विचार करणारे लेख अधूनमधून येतात. अशा एका लेखात या चित्रपटाला जागा मिळावी, आणि तो लेख उत्पन्नाच्या आकड्यापासून सुरू न होता लूव्रमधल्या त्या प्रसंगापासून सुरू व्हावा, अशी माझी नम्र विनंती आहे. लेखासोबत दाली, मुंक, लोत्रेक आणि सेरा यांची ती चित्रे रंगीत छापता आली तर फार बरे होईल. ती समोर ठेवून घरोघरी मुलांबरोबर तो प्रसंग पाहता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
मिरज